जुने लाकूडसामान : त्याचे जतन आणि त्याची दुरुस्ती



वार्षिक संमेलनात चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषयाची निवड मंडळाने आमच्यावरच सोपविली. ज्ञातीचा इतिहास सांगावा, तर तो आमच्याहून अधिक अधिकाराने सांगणारी वडीलधारी मंडळी समोरच बसली आहेत. विवाहखर्चाबद्दल बोलावे, तर त्या विषयावर आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या ठराव होत आहेत आणि खर्चही होत आहे. तेव्हा ज्या विषयाने गेली काही वर्षे आमची पाठ सोडलेली नाही, तोच आपणांपुढे मांडावा असे ठरविले. तो विषय म्हणजे आपल्या घरांतील जुने लाकूडसामान.

गेल्या पावसाळ्यापूर्वी पेण येथे एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. घर उतरविण्याचे काम चालू होते. त्या जागी चार मजल्यांची इमारत व्हावयाची आहे. त्याबद्दल आमची यत्किंचितही तक्रार नाही. दर वर्षी कौले परतून घेणे किती जिकिरीचे झाले आहे, हे ज्याच्या डोक्यावर कौले आहेत त्यालाच ठाऊक. पण अंगणात एक सागवानी हडपा, पलंगाचे कातीव खूर, पितळी पट्ट्यांचा पेटारा, वेत फाटलेली आरामखुर्ची आणि देव्हाऱ्याची महिरप अशा वस्तू ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. टेम्पो यावयाचा होता. किती मिळणार, असे आम्ही विचारले. पेटाऱ्याच्या पितळेचे वजनावर काही मिळणार होते. लाकडाचे काहीच मिळणार नव्हते. ते उचलून नेण्याचे कष्ट भंगारवाला उपकारादाखल करणार होता.

असाच देखावा रोहे येथे दोन घरी पाहिला. म्हणून हा विषय.

आरंभीच आमच्या अधिकाराविषयी खुलासा केला पाहिजे. आम्ही सुतार नाही, संग्रहालयाचे अधिकारी नाही. हयात कचेरीच्या मेजापाशी गेली. या विषयात जे काही कळले ते थोडे जाणत्या कारागिरांकडून आणि पुष्कळसे स्वतःच्या चुकांमधून. त्यांतली मोठी चूक पुढे सांगणारच आहोत.

प्रथम आपल्या घरांत आहे तरी काय, हे पाहू. पेणच्या घरांतील सामान पुष्कळसे पाण्यावरून आले. रेल्वे व पक्के रस्ते होण्यापूर्वी पेणचा मुंबईशी व्यवहार धरमतरच्या खाडीतून चाले. भात व मीठ गलबतांतून मुंबईस जाई, आणि परतीच्या खेपेस मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीस असलेल्या कर्त्या पुरुषांनी घेतलेले मेज, कपाट, आरसा येई. एखाद्या घरी शिसवी लाकडाची, पाठीवर जाळीदार वेलबुट्टी कोरलेली जड खुर्ची दिसते. एकोणिसाव्या शतकात असे काम मुंबईत साहेबलोकांच्या व पारशी शेटजींच्या दिवाणखान्यांसाठी होई, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही ते मांडले गेले होते. तसली खुर्ची कोणा पूर्वजाने हौसेने, बहुधा दुसऱ्या हाताची, घेतली असावी. बडोदे संस्थानात नोकरी केलेल्यांच्या घरी संखेड्याचा लाखकाम केलेला झोपाळा किंवा खुर्ची असते. तांबड्या-तपकिरी रंगावर सोनेरी-रुपेरी नक्षी, हे तिचे ओळखीचे रूप. बाकीचे सारे गावचे. फणसाच्या लाकडाचे देव्हारे व पाट, जे नवे असता हळदीसारखे पिवळे असतात व वयाबरोबर तांबूस होत जातात. सागाच्या घडवंच्या, चौरंग, फडताळांची दारे. आणि झोपाळा. रोहे येथे ज्या घरी जुना झोपाळा आहे त्या घरी, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले आपले चिंतामणराव देशमुख त्यावर बसून गेल्याची आख्यायिका असतेच. तेवढ्या सगळ्या झोपाळ्यांवर बसावयास त्यांना सवड कधी मिळाली, हा प्रश्न आम्ही कोणाही यजमानास विचारलेला नाही.

या वस्तूंपैकी पाटाकडे आपले लक्ष विशेष वेधावयाचे आहे. गणेशमूर्तीसाठी घरचा पाट आगाऊ कारखान्यात नेऊन ठेवण्याची रीत आपणां सर्वांना परिचयाची आहे. असा एक पाट आम्ही उलटा करून पाहिला. खालच्या अंगास तीन पिढ्यांची नावे होती. एक कोरलेले, एक डांबराने लिहिलेले आणि एक ऑइलपेंटने. वरची बाजू शंभर वेळा धुऊन गुळगुळीत झाली होती. घराची हकीकत सारी खाली राहिली होती. जुन्या वस्तूंचे असेच असते. खणाच्या तळाशी सुताराच्या खुणा, कपाटाच्या पाठीवर मालाच्या चिठ्ठीचा तुकडा, पलंगाच्या खुरांवर कोणता खूर कोठे बसवावयाचा त्याचे आकडे. म्हणून रंगकाम करावयाचेच झाले तर निदान खालची व मागची बाजू सोडून द्यावी, इतके सांगून ठेवतो.

आता ती चूक.

आमच्या आजोबांचे लिहिण्याचे मेज पेणच्या घरी होते. जमिनीवर मांडी घालून बसावे व पुढे ओढून घ्यावे असे, उताराच्या झाकणाचे, आत कागदपत्र ठेवण्याची जागा असलेले. झाकणावर शाईचे डाग होते. उजव्या कडेला मनगट टेकून टेकून एक उथळ खळगा पडला होता. डाव्या कडेला चाकूने पाडलेल्या बारीक खाचांची रांग होती. ती आमच्या काकांनी लहानपणी शिक्षा म्हणून पाढे म्हणताना पाडली, असे सांगत. १९९४ साली धाकट्या भगिनीचे लग्न निघाले. घर सजवावयाचे म्हणून आम्ही पॉलिश करणारा कारागीर बोलावला व मेज त्याच्या स्वाधीन केले. त्याने यंत्राने घासून अर्ध्या दिवसात झाकण सपाट केले, वर तपकिरी रंग चढवून मेलामाइनचे दोन हात दिले. हॉटेलातील गल्ल्याच्या टेबलासारखे ते लखलखू लागले. आम्ही कौतुकाने आईस दाखविले. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने झाकणावरून हात फिरविला आणि म्हणाली, "छान झालंय रे. कुणाचं आहे?"

कारागिराचा यात काडीमात्र दोष नव्हता. आम्ही सांगितले तेच त्याने केले, आणि सुबक केले. दोष आमच्या सांगण्यात होता. डाग, खळगा व खाचा यांना आम्ही वस्तूवर बसलेली घाण समजलो होतो. तो खळगा पडावयास चाळीस वर्षे लागली होती.

जतन, दुरुस्ती आणि नवेकोरे करणे या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे आम्हांस त्यानंतर उमगले. जतन म्हणजे आहे ते अधिक बिघडू न देणे. दुरुस्ती म्हणजे मोडलेले पुन्हा कामास येईल इतके करणे. नवेकोरे करणे ही जुन्या वस्तूच्या बाबतीत बहुतेक वेळा एक प्रकारची मोडतोडच होय. मुंबईस भायखळ्याचे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. एके काळी त्याची दुर्दशा झाली होती. २००३ नंतर महापालिका, इंटॅक ही वारसासंवर्धन करणारी संस्था व एक खाजगी प्रतिष्ठान यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला; २००५ साली युनेस्कोने त्या कामास गौरविले आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा खुले झाले. तेथील जुनी लाकडी काचकपाटे जाऊन त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची आली नाहीत, जुनीच दुरुस्त होऊन उभी आहेत, हे मुद्दाम जाऊन पाहण्याजोगे आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनी जुन्या वाड्यांतून दारे, दिवे, अडकित्ते, पेट्या अशा ज्या वस्तू जमविल्या, त्यांचे आज मोठे संग्रहालय आहे. त्या वस्तू आपल्याच घरांतल्यासारख्या साध्या होत्या. कोणी तरी त्या टेम्पोच्या आधी गाठल्या, एवढाच फरक.

संग्रहालयांपाशी तज्ज्ञ असतात, औषधे असतात. आपल्यापाशी दुपारची फुरसत असते. परंतु तेथील मंडळींचा मुख्य नियम घरीही पाळता येतो : जे उद्या काढून टाकता येईल तेवढेच आज करावे. हा एक नियम डोक्यात असला म्हणजे पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. उदाहरणार्थ, सरस की कृत्रिम गोंद? जुने सुतार खाच-कूस सांधावयास जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरीत. तो ऊन पाण्याने विरघळतो. म्हणून जुनी खुर्ची खिळखिळी झाली की सांधा ऊन पाण्याने मोकळा करून, पुसून, पुन्हा सरस लावून बसविता येतो. आणि आणखी पन्नास वर्षांनी पुन्हा तेच करता येते. १९५९ पासून बाजारात असलेले फेव्हिकॉल किंवा त्याहून कडक अॅराल्डाइट नव्या कामास उत्तम आहेत. जुन्या सांध्यात भरल्यास मात्र पुढे तो सांधा उकलण्याऐवजी लाकूडच फुटते. खिळा तर ठोकूच नये. शिसवी खुर्चीच्या पायात ठोकलेला लोखंडी खिळा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो, भोवती काळा डाग पडतो, आणि सैल सांधा सैलच राहतो.

पॉलिशचेही तेच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचे पॉलिश बहुधा लाखेचे असते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते. तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने अनेक हात देत. हे पॉलिश ओळखावयास सोपे आहे. मागील बाजूस, कोणास दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा ओला बोळा क्षणभर टेकवावा. चिकट झाले तर लाख समजावी. लाखेवर ऊन चहाचा पेला ठेवला की पांढरे कडे उमटते, हा तिचा अवगुण. पण तेच कडे स्पिरिटच्या किंचित ओल्या बोळ्याने हलक्या हाताने पुसल्यास जाते, हा तिचा मोठेपणा. मेलामाइनवर एकदा ओरखडा पडला की सगळेच खरवडून काढावे लागते. संखेड्याच्या लाखकामास मात्र चुकूनही स्पिरिट लावू नये. नक्षी बोळ्यावर उतरते. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, बस्स.

नारळाचे तेल लावण्याची आपल्याकडे फार आवड आहे. कोकणात नारळाचे तेल कशास लावीत नाहीत? परंतु ते तेल कधी वाळत नाही. लाकडावर चिकटून राहते व धूळ धरते. जवसाचे तेल वाळते, पण लाकूड काळसर करते, आणि त्याचा एक धोका फार थोड्यांस माहीत असतो : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या चिंध्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या. घरगुती कामास आम्ही एकच वस्तू सुचवितो. मधमाशांचे मेण किसून टर्पेंटाइनमध्ये विरघळवावे. हे भांडे विस्तवावर कदापि ठेवू नये, ऊन पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. लोण्यासारखे झाले की सुती फडक्यावर अगदी थोडे घेऊन चोळावे, आणि तासाभराने दुसऱ्या फडक्याने झळकवावे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुरे. पितळेला चिंच किंवा पॉलिश लावावयाचे असेल तर पट्टी काढता येते का ते पाहावे; न आल्यास लावूच नये. पितळ दोन दिवस चमकते आणि भोवतालचे लाकूड कायमचे डागळते.

किड्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून येते. म्हणून जुने लोक कपाटाचे पाय दगडी किंवा पितळी वाट्यांवर ठेवीत व सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवीत. तेवढे केले तरी अर्धे काम होते. दुसरा शत्रू म्हणजे लाकूड आतून पोखरून पिठासारखा भुसा पाडणारा किडा. त्याची भोके पाहून घाबरू नये; ती चाळीस वर्षांपूर्वीचीही असू शकतात. वस्तूखाली काळा कागद पसरावा व आठवडाभर पाहावे. ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग बोरिक औषधाचे द्रावण सुईने भोकांत सोडावे, आणि कीड पुष्कळ असल्यास जाणत्यास बोलवावे. आपले वडील गॅमेक्झिनची पूड मुक्तहस्ते टाकीत. ते विष आता बंद झाले आहे, पण जुन्या पेटाऱ्यांच्या तळाशी त्या काळची पूड अजून असू शकते. पेटारा उघडून साफ करताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलांना दूर ठेवावे.

एवढ्याने तयारी झाली, असे आम्हांस वाटत होते. खरी परीक्षा ३ जून २०२० रोजी आली.

आमचे आजोळ रोहे येथील. मामा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. घरी एकट्या मामी, वय चौऱ्याऐंशी. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. रायगड जिल्ह्यात किती घरांची कौले व पत्रे उडाले, किती आंबा-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, हे आपण सर्वांनी सोसलेले आहे. मामी शेजाऱ्यांकडे सुरक्षित होत्या. ओटीवरचे व माजघरावरचे छप्पर मात्र उघडे पडले होते; त्यातून पाऊस, आणि आठवडाभराने नेहमीचा पावसाळा. महामारीची टाळेबंदी असल्याने कोणी कोठे जाऊ शकत नव्हते. कौले मिळत नव्हती, पत्रे मिळत नव्हते, माणूस मिळत नव्हता.

ओटीवर झोपाळा होता. साडेसहा फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, जवळजवळ दोन इंच जाड, अशी सागाची एकसंध फळी, आणि मधोमध पितळी पोपट गुंफलेल्या चार साखळ्या. आमच्या मातोश्री त्यावर वाढल्या. आम्ही दूरध्वनीवर चौकशी केली, तेव्हा शेजारच्या मुलांनी मोठ्या आस्थेने फळी सोडवून अंगणात उन्हाच्या तिरिपेला ठेवल्याचे कळले. आम्ही जवळजवळ ओरडलोच. भिजलेले लाकूड उन्हात ठेवले की वरची बाजू आधी सुकून आक्रसते, खालची फुगलेलीच राहते, आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटते. जुने सुतार कपाटाच्या दाराची मधली फळी चौकटीत सैल बसवीत, ती एवढ्याचसाठी. मुलांनी फळी आत नेली. सारख्या उंचीच्या चार लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवली, म्हणजे वरून-खालून वारा लागेल. वर थोडे वजन ठेवले.

परवाना मिळवून आम्ही जूनअखेरीस पोहोचलो. फळी ताकासारखी पांढरी पडली होती, बुरशी आली होती, आणि एका टोकाला वीतभर चीर गेली होती. जुन्या सामानाचा एक व्यापारी तोवर दोनदा येऊन गेला होता. छप्परे उडालेल्या घरांची त्याला यादीच मिळाली होती की काय, कोण जाणे. त्याला साखळ्या हव्या होत्या. फळी नको होती. मामींना छप्परासाठी पैसे हवे होते. शेवटी दोन शिसवी खुर्च्या त्याला गेल्या व त्या पैशांतून पत्रे आले. आम्ही त्यास हरकत घेतली नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या म्हातारीस "खुर्च्या सांभाळा" असा उपदेश करणारा मनुष्य आमच्या ज्ञातीत नसावा. साखळ्यांबद्दल मामी एवढेच म्हणाल्या, "त्या राहू देत. उद्या तुम्ही सगळे याल तेव्हा बसाल कशावर?"

फळी दिवाळीपर्यंत तशीच सुकत ठेवली. हे धैर्य आमचे नव्हे. ते त्या भागातील एका वृद्ध सुतारांचे. आम्हांस घाई होती. चिरेत लांबी भरून वरून पॉलिश मारू, असे आम्ही सुचविले, तेव्हा ते म्हणाले, "भाऊसाहेब, ही चीर पावसात मिटते आन् शिमग्याला उघडते. आता भरलीत तर पावसात फळी फुगून जाईल कुठं? दुसरीकडं फुटंल." त्यांनी चीर न भरता पुढे जाऊ नये म्हणून खालच्या बाजूने तिच्यावर डमरूच्या आकाराचा सागाचा तुकडा बसविला, आणि दोन आडव्या पट्ट्या लावल्या. पट्ट्यांतील स्क्रूंची भोके त्यांनी गोल न पाडता लांबट पाडली, म्हणजे फळीला हलण्यास जागा राहील. पॉलिश खरवडू दिले नाही. बुरशी कोरड्या ब्रशने झाडली, आणि स्पिरिटमध्ये किंचित चपडा घालून बोळा फिरविला. तिसऱ्या-चौथ्या हाताला ताकाचा रंग जाऊन खालून जुना मधासारखा रंग वर येऊ लागला, तेव्हा मामी काठी टेकत उठून आल्या. एका कडेला मामांचा हात नेहमी टेके तेथे पॉलिश पार उडालेले आहे. ती जागा सुतारांनी न विचारता सोडून दिली होती.

साखळीत मात्र आम्ही हट्टाने बदल केला. एक कडी झिजून निम्मी राहिली होती. माणसे बसणार असतील तर जुनेपणाचे कौतुक जिवानंतर. ती एक कडी पेणहून नवी करवून आणली व तिच्यावर आतल्या बाजूस २०२० असे कोरून घेतले, म्हणजे पुढे कोणी तिला पणजोबांच्या वेळची समजू नये. सुतारांची नऊ दिवसांची मजुरी झाली.

आता परदेशी असलेल्या मुलाबाळांविषयी. कित्येकांना घरचा देव्हारा किंवा पेटारा अमेरिकेस न्यावासा वाटतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. शिसवीच्या जातीची सर्व लाकडे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांच्या यादीतही आली आहेत. कायदा बाजूस ठेवला तरी कोकणच्या दमट हवेत शंभर वर्षे मुरलेली फळी तिकडच्या तापविलेल्या कोरड्या खोलीत पहिल्याच हिवाळ्यात तडकते. मुंबईच्या वातानुकूलित सदनिकेतही थोडेफार तेच. यंत्राच्या झोताखाली जुने कपाट ठेवू नये.

पण खरे सांगावयाचे तर कीड, पाऊस व कायदा यांपेक्षा वाटणीने अधिक वस्तू मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. एका घरी झोपाळ्याची फळी थोरल्याकडे व साखळ्या धाकट्याकडे गेल्या; आज फळी बागेत बाक झाली आहे आणि साखळ्या गोणत्यात आहेत. दोघेही सुखवस्तू, दोघेही सज्जन. म्हणून विनंती अशी, की वाटणीपूर्वी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घ्यावे, मापे लिहावी, ती कोठून आली हे घरातील वृद्धांस विचारून त्याच कागदावर उतरवावे. विकावयाची वेळ आलीच, तर आधी ज्ञातीच्या पत्रकात चार ओळी द्याव्या. कोणास ठाऊक, तिसऱ्याच शाखेतील एखाद्या सूनबाईंना घडवंची हवी असेल.

मामी २०२३ साली गेल्या. रोह्याचे घरही आता उतरावयाचे आहे. नव्या इमारतीत झोपाळा टांगावयाचा, तर कड्यांच्या सळया स्लॅब ओतण्यापूर्वीच लोखंडात बांधून घ्याव्या लागतात. मागाहून भोक पाडून बसविलेल्या कड्यांवर चार माणसांचा भार टाकण्याची हिंमत आमची तरी नाही. आराखड्यात दिवाणखाना दहा फुटांचा आहे. साडेसहा फुटांची फळी तेथे टांगता येईल, मात्र नीट झुलणार नाही, असे एक मामेबंधू म्हणतात. दुसरे म्हणतात, झुलेल. तंटा चालू आहे. तूर्त फळी पेणला आमच्याकडे दोन तिवयांवर आहे, आणि आमची नातवंडे तिच्यावर अभ्यास करतात. परवा एकाने तिच्यावर पेन गळू दिले. डाग पडला आहे. आम्ही तो पुसलेला नाही.

असो. फार वेळ घेतला. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता पेण येथे आमच्या ओटीवर मेण करण्याचे व लावण्याचे प्रात्यक्षिक ठेविले आहे. रोह्याचे ते सुतार येण्याचे कबूल झाले आहेत. पाट, चौरंग, खिळखिळी खुर्ची, जे हाती धरून आणता येईल ते आणावे, वर्गणी नाही. मेण, टर्पेंटाइन व चहा आमचा. जुनी सुती धोतरे मात्र आपण आणावी, कारण पुसण्यासाठी त्यांच्यासारखे फडके नाही आणि आमच्याकडची संपली आहेत.